'रॅट'चा घात कुणी केला? बोस्टनच्या केनमोर स्क्वेअरमधल्या एका तळघराचं प्रकरण

बोस्टन विद्यापीठात सत्तरच्या नाहीतर ऐंशीच्या दशकात शिकलेल्या माणसासमोर केनमोर स्क्वेअरचं नाव काढलं, की बोलणं थोड्याच वेळात 'रॅट'वर येतं. पत्ता 528, कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू. पायऱ्या उतरून तळघरात जायचं, डोक्याला लागेल की काय असं वाटणारं छत, मंचाच्या आड येणारे खांब, आणि स्वच्छतागृह असं की त्याचं वर्णन करताना लोकांच्या आवाजात आजही एक विचित्र अभिमान येतो. पूर्ण नाव रॅथस्केलर, पण ते पाटीपुरतं. 1974 मध्ये हा रॉक संगीताचा क्लब सुरू झाला, नोव्हेंबर 1997 मध्ये बंद पडला, 2000 मध्ये इमारत पाडली आणि 2003 मध्ये त्या जागी हॉटेल कॉमनवेल्थ उभं राहिलं. या हॉटेलच्या प्रकल्पात बोस्टन विद्यापीठ भागीदार होतं. त्यामुळे आरोपपत्र आयतंच मिळतं: ज्या विद्यापीठाच्या पोरांनी हा क्लब उभा केला, त्याच विद्यापीठाने तो गिळला. कुंपणानेच शेत खाल्लं.

गोष्ट म्हणून हे फक्कड आहे. खलनायक ठरलेला, मृताबद्दल सगळ्यांना माया. पण तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की गोष्ट डळमळायला लागते. माझं म्हणणं असं की हॉटेल आलं तेव्हा कॉलेजच्या पोरांचा क्लब म्हणून 'रॅट' कधीच उरला नव्हता. तो कसा उरला नाही, हे समजून घ्यायला केनमोर स्क्वेअरमधून बाहेर पडून थेट वॉशिंग्टनपर्यंत जावं लागतं.

चौक

केनमोर स्क्वेअर म्हणजे बोस्टन विद्यापीठाचं पूर्वेकडचं टोक. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू, बीकन स्ट्रीट आणि ब्रुकलाइन ॲव्हेन्यू इथे एकत्र येतात. खाली ग्रीन लाइनचं स्टेशन, वर सिटगो या तेल कंपनीचा भलामोठा प्रकाशफलक, आणि चालत काही मिनिटांवर फेनवे पार्क हे रेड सॉक्सचं बेसबॉलचं मैदान. जवळच विद्यापीठाचं मायल्स स्टँडिश हॉल हे वसतिगृह.

इथे संगीत काही 1974 मध्ये उपटलं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला याच चौकातल्या बकमिन्स्टर हॉटेलात जॉर्ज वीन यांचा स्टोरीव्हिल हा जॅझ क्लब होता. वीन बोस्टन विद्यापीठाचेच पदवीधर. पुढे 1954 मध्ये त्यांनी न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव सुरू केला. 1964 मध्ये विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी 'द रीमेन्स' नावाचा बँड काढला आणि वसतिगृहासमोरच्या रॅथस्केलरच्या तळघरात ते वाजवायला लागले. बाहेर रांगा लागायच्या. दोनच वर्षांनी, 1966 मध्ये, हा बँड बीटल्सच्या अखेरच्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या आधी मंचावर होता. 1967 मध्ये या परिसरात सायकेडेलिक सुपरमार्केट नावाचं ठिकाण निघालं, तिथे क्रीम हा इंग्लिश बँड वाजवून गेला. तेही दोनेक वर्षांत मिटलं.

म्हणजे या चौकात क्लब येणं आणि जाणं हा नियमच होता. 1974 मध्ये नव्या मालकाने रॅथस्केलरची जागा हाती घेतली तेव्हा ती आणखी दोन-चार वर्षं चालेल एवढीच अपेक्षा कुणी ठेवली असती. चालली तेवीस वर्षं. त्यामुळे क्लब बंद का पडला याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, तो एवढा टिकला कसा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

गल्ला

अशा छोट्या क्लबांचं अर्थशास्त्र साधं असतं, आणि आठवणी सांगणारे लोक नेमकं तेच सांगत नाहीत. दारावर जे प्रवेशशुल्क घेतात त्यातला मोठा वाटा बँडला जातो. मालकाचा संसार चालतो तो बिअरवर. म्हणून कुणालाही माहीत नसलेल्या बँडला मंगळवारची रात्र देणं परवडतं: त्यांची गाणी कशीही असोत, त्यांच्याबरोबर वर्गातले तीस-चाळीस मित्र येतात आणि मित्र पितात. संगीताची निवड धाडसी असायची, याचं श्रेय मालकाच्या रसिकतेला द्यायला हरकत नाही. पण ते धाडस परवडत होतं ते बिअरमुळे.

कॉलेजजवळ असण्याचे फायदे इथे कळतात. गिऱ्हाईक पायी येतं, त्याला गाडी लावायला जागा लागत नाही. दर सप्टेंबरला नवी तुकडी आपोआप दारात येते, जाहिरात करावी लागत नाही. शिवाय बोस्टनमध्ये कॉलेजांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती: इमर्सन कॉलेजचं, बोस्टन कॉलेजचं, एमआयटीचं. एमआयटीच्या केंद्रावर 1975 मध्येच ओडिपस या नावाने ओळखला जाणारा निवेदक पंक या कर्कश, बंडखोर रॉक संगीताचा कार्यक्रम करत होता. व्यावसायिक केंद्रांनी हात न लावलेली गाणी रात्री वसतिगृहाच्या खोलीत ऐकायची आणि शनिवारी तोच बँड तळघरात बघायचा. ऐकणारा, वाजवणारा आणि पिणारा, तिघेही एकाच वयाचे. कित्येकदा एकाच खोलीत राहणारे.

यातला पिणारा बाजूला काढला तर काय होतं, हे कळायला फार वर्षं लागली नाहीत.

सहा वर्षांची फट

अमेरिकेत दारू पिण्याचं कायदेशीर वय प्रत्येक राज्य ठरवतं. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ते 21 होतं. 1971 मध्ये राज्यघटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने मतदानाचं वय 18 वर आलं. व्हिएतनामला लढायला पाठवता, मग मत का नाही, हा युक्तिवाद तिथे चालला आणि तोच पुढे बिअरलाही लागू झाला. पाचेक वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी पिण्याचं वय खाली आणलं. मॅसॅच्युसेट्सने 1973 मध्ये ते 18 केलं.

क्लब सुरू झाला 1974 मध्ये.

कॉलेजात पाऊल टाकलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी त्या काळात कायदेशीर गिऱ्हाईक होता. चारही वर्षांचे विद्यार्थी, आणि या शहरात कॉलेजं किती! 'रॅट'चा सुवर्णकाळ म्हणून जे सांगितलं जातं ते बहुतेक सगळं याच फटीतलं आहे. 1976 मध्ये तिथल्या कार्यक्रमांचा दोन तबकड्यांचा संच निघाला, त्यात विली अलेक्झांडर, डीएमझेड, रिअल किड्स असे गावातलेच बँड होते. रॅमोन्स, टॉकिंग हेड्स हे न्यूयॉर्कचे बँड इथे येऊन गेले. कार्स हा बँड नावारूपाला येण्याआधी इथे वाजवत होता. 1978 मध्ये पोलीस हा इंग्लिश बँड पहिल्यांदा अमेरिकेत आला, तेव्हा न्यूयॉर्कनंतर काही दिवसांतच तो या तळघरात वाजवून गेला.

1979 मध्ये राज्याने वय 20 केलं. पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी एका फटक्यात बाहेर. मग 17 जुलै 1984 रोजी रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्रीय किमान वयाच्या कायद्यावर सही केली. केंद्र सरकारला पिण्याचं वय थेट ठरवता येत नव्हतं, म्हणून आडवळण घेतलं: जे राज्य 21 करणार नाही त्याचा महामार्ग निधी कापायचा, आधी पाच टक्के, मग दहा. साउथ डकोटाने कोर्टात आव्हान दिलं, 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. मॅसॅच्युसेट्सने निकालाची वाट पाहिली नाही, 1985 मध्येच 21 केलं. त्याच्या आदल्याच वर्षी ठरावीक वेळात स्वस्त दारू विकण्यावर, म्हणजे 'हॅपी अवर'वर, बंदी घालणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास.

या कायद्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण मी घालणार नाही. दारू पिऊन गाडी चालवणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं मरत होती आणि दुसऱ्यांना मारत होती. वय वाढवल्यावर त्या अपघातांत घट झाली. एवढं मात्र खरं की हा कायदा महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून झाला, आणि वसतिगृहातून चालत येऊन चालत परत जाणाऱ्या मुलांनाही तो सरसकट लागला.

माझ्या मांडणीतला कच्चा दुवा इथेच सांगतो. 1964 मध्ये वय 21च होतं, तरी रीमेन्ससाठी याच तळघराबाहेर रांगा लागल्या होत्या. मग वयाचा एवढा बाऊ कशाला? माझं उत्तर असं: एखादा गाजणारा बँड वर्ष-दोन वर्षं जागा भरून दाखवू शकतो. पण आठवड्याच्या आडवारीही अनोळखी बँड लावायचे आणि ते दोन दशकं चालवायचं, तर त्याला रोजच्या गल्ल्याचाच आधार लागतो. उत्तर शंभर टक्के पुरं पडत नाही, हे मान्य.

दुपारचे कार्यक्रम

1985 नंतर क्लब बंद पडला नाही. अजून बारा वर्षं चालला, आणि ती काही पडकी वर्षं नव्हती. पिक्सीज या बोस्टनच्याच बँडचा जन्म 1986 चा. त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम इथे झाले. वरच्या मजल्यावर बार्बेक्यूचं खाणं मिळायचं, ते चांगलंच नावाजलं गेलं. नुसत्या बिअरवर भागत नसेल तर खाण्यावर भागवायचं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आणि ऐंशीच्या दशकात शनिवार-रविवारच्या दुपारी सर्व वयांसाठी कार्यक्रम व्हायचे. हार्डकोर पंकचा, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक पंकचा, तो काळ. एसएस डिकंट्रोलसारखे बोस्टनचे बँड तर दारू-सिगारेटला हात न लावण्याचाच आग्रह धरणारे. हातावर काळ्या शाईने फुलीची खूण करायची, म्हणजे या मुलाला बारवर काही द्यायचं नाही. 1980 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडमधल्या मुलांच्या हातावर केलेली ही खूण पुढे या पोरांनी अभिमानचिन्ह म्हणून मिरवली.

आज 'रॅट'साठी हळहळणाऱ्यांत या दुपारच्या पोरांचा आवाज मोठा आहे. साहजिक आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कानठळ्या बसवणारं संगीत चार हातांवरून बघायला मिळालं तर तो ते जन्मभर विसरत नाही. पण धंद्याच्या नजरेने हेच गिऱ्हाईक सगळ्यात महाग. दारावर थोडेसे पैसे दिले, आत सोडा प्यायला, तोही प्यायला तर. ज्यांनी क्लबवर सर्वाधिक प्रेम केलं त्यांच्याकडून गल्ल्यात सर्वांत कमी आलं.

मग बाकीची बारा वर्षं कुणी भरली? इथे मला या प्रकरणातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट दिसते. 1978 मध्ये अठरा वर्षांचा असलेला मुलगा 1985 मध्ये पंचवीस वर्षांचा होता. त्याला वयाचा कायदा लागत नव्हता. कॉलेज संपलं तरी तो शहर सोडून गेला नाही. बोस्टनच्याच ऑल्स्टन भागात नाहीतर चार्ल्स नदीपलीकडच्या केंब्रिज शहरात चार जणांत घर घेऊन राहिला, दिवसा रेकॉर्डच्या दुकानात काम केलं, रात्री बँडमध्ये वाजवलं. कॉलेजच्या पोरांचा क्लब हळूहळू माजी पोरांचा क्लब झाला. गर्दी तीच, फक्त तिचं वय वाढत गेलं. नवी तुकडी दर सप्टेंबरला यायची, पण आता दाराशी थांबायची.

घरभाडं

नोव्हेंबर 1994 मध्ये मॅसॅच्युसेट्सभर सार्वमत झालं आणि भाडेनियंत्रण रद्द ठरलं. ते होतं फक्त तीन ठिकाणी: बोस्टन, केंब्रिज आणि ब्रुकलाइन. तिन्ही ठिकाणच्या मतदारांनी ते राहू द्या म्हणून कौल दिला होता. बाकी राज्याने अगदी थोड्या फरकाने उडवून लावलं. बोस्टनमधलं नियंत्रण त्याआधीच बरंच सैल झालं होतं, खरा दणका बसला केंब्रिजला. पण वाजवणारे आणि ऐकणारे नदीच्या दोन्ही तीरांवर विखुरलेले होते, त्यामुळे झळ सगळ्यांनाच.

अर्धवेळ नोकरीवर शहरात राहणं अवघड झालं की सगळ्यात आधी पांगतो तो हाच माणूस: तिशीतला, लग्न झालेला किंवा होऊ घातलेला, गिटार अजून न विकलेला. तीन वर्षांनी 'रॅट' बंद झाला. भाड्यामुळेच बंद झाला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्या हाती नाही. पण नवे गिऱ्हाईक कायद्याने आणि जुने गिऱ्हाईक भाड्याने तोडल्यावर तळघरात उरणार कोण?

बंद पडल्यानंतर इमारत तशीच जवळजवळ तीन वर्षं उभी होती. बुलडोझर आला 2000 मध्ये. त्याचे फोटो निघाले, विटा आठवण म्हणून जपून ठेवाव्यात असं लोकांना वाटलं. मृत्यूची तारीख तीच ठरली, कारण त्या दिवशी बघायला काहीतरी होतं. 1979 च्या किंवा 1985 च्या त्या दिवशी दिसण्यासारखं काय होतं? दारावरच्या माणसाने ओळखपत्र जरा जास्त वेळ हातात धरलं, एवढंच.

मग पॅराडाइज कसा टिकला?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याच कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर, त्याच विद्यापीठाच्या आवारालगत, 967 क्रमांकाला पॅराडाइज हा क्लब 1977 पासून आहे. डिसेंबर 1980 मध्ये यू टू हा आयरिश बँड तिथे वाजवून गेला, तेव्हा त्यांना इथे फारसं कुणी ओळखत नव्हतं. वयाचे तेच कायदे, तेच विद्यापीठ, तीच भाडेवाढ. तो अजून उभा आहे.

फरक गल्ल्याचा आहे. पॅराडाइज मोठा, आणि पहिल्यापासून तिकिटावर चालणारा. दौऱ्यावर असलेले बँड, आगाऊ विक्री, मागे मोठा आयोजक. श्रोता बिअर प्यायला तर उत्तम, नाही प्यायला तरी तिकिटाचे पैसे आलेले असतात. अठरा वर्षांच्या मुलाला आत घेणं त्याला परवडतं. नदीपलीकडे हार्वर्ड स्क्वेअरमध्ये 1958 साली निघालेला क्लब 47, जिथे लोकगायिका जोन बाएझ यांनी सुरुवातीच्या काळात गायलं, तो 1968 मध्ये बंद पडला. मग ती जागा पासिम या नावाने पुन्हा उघडली आणि नव्वदच्या दशकात ना-नफा संस्था झाली. ते मुळात कॉफीचं ठिकाण, दारूच्या वयाशी त्याचं काही अडलं नाही. सभासद आणि देणगीदार ते चालवतात. आणि मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवरचा वॉलीज हा जॅझ क्लब 1947 पासून एकाच कुटुंबाकडे आहे. जवळच्या बर्कली संगीत महाविद्यालयाची मुलं तिथे येतात ती वाजवायला, पिणारे वेगळे.

तीन ठिकाणं, तीन वेगळ्या वाटा. विद्यापीठ शेजारी असणं तिघांनाही भोवलं नाही. यातली कुठलीही वाट 'रॅट'ला जमली असती का? मला शंका आहे. तिकिटावर चालवायचं तर अनोळखी बँडला मंगळवार देता येत नाही, आणि देणगीदारांच्या समितीने ते स्वच्छतागृह महिनाभरही चालू दिलं नसतं.

विद्यापीठाचा वाटा

म्हणून विद्यापीठ निर्दोष सुटतं असंही नाही. केनमोर स्क्वेअर कळकट होता, तिथे हॉटेल आणि नीटनेटकी दुकानं यावीत असं विद्यापीठाला वाटत होतं, आणि त्यासाठी त्याने पैसा घातला. फी भरणाऱ्या पालकांना चौकात उतरल्यावर काय दिसतं याची काळजी कुठल्याही विद्यापीठाला असते. एका माजी विद्यार्थ्याचा क्लब या चौकात होता आणि त्यातून पुढे न्यूपोर्टपर्यंतची वाट निघाली, ही गोष्ट मात्र त्या हिशेबात कुठेच नव्हती. जागा रिकामी झाल्यावर तिथे दुसरं तळघर निघण्याची शक्यता त्यांनी संपवली. एवढा आरोप मी ठेवीन. घाताचा नाही.

स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की उतारवयात मागे वळून बघताना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात दाट भरतात. कॉलेजजवळचा क्लब नेमका या दाट पट्ट्यात बसतो. म्हणून प्रत्येक पिढीला आपला क्लब शेवटचा खरा क्लब वाटतो. स्टोरीव्हिलच्या श्रोत्यांना 'रॅट' हा नुसता गोंगाट वाटला असेल, नवल नाही. पण सगळंच स्मृतीवर ढकलणंही बरोबर नाही. 1973 ते 1979 या काळात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाला जे मिळालं ते नंतरच्याला खरोखरच मिळालं नाही. ते आठवणीचं वाढीव माप नाही, कायद्यात लिहिलेलं आहे.

हॉटेल कॉमनवेल्थमध्ये आता 'रॅथस्केलर' नावाचा एक सूट आहे, क्लबच्या आठवणींच्या वस्तूंनी सजवलेला. जुने श्रोते यावर चिडतात. मला त्यात एक हिशेब दिसतो: 1978 मध्ये खिशात दोन बिअरचे पैसे असलेला मुलगा आता या खोलीचं भाडं देऊ शकतो. गिऱ्हाईक तेच, गल्ला बदलला.

2020 मध्ये ऑल्स्टनमधला ग्रेट स्कॉट बंद झाला. 1976 पासूनचा छोटा क्लब, विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला. महासाथीत टाळं लागलं आणि जागेचा करार पुढे चालू राहिला नाही. पुन्हा तीच हळहळ, पुन्हा जागामालकाकडे बोट. असा क्लब उद्या पुन्हा काढू बघणाऱ्याला जागा मिळेल, बँड तर मिळतीलच. दारात उभ्या असलेल्या अठरा, एकोणीस आणि वीस वर्षांच्या मुलांच्या हातावर फुली मारून आत सोडल्यावर मंगळवारच्या रात्रीचं वीजबिल कुणी भरायचं, याचं उत्तर मात्र त्याला दार उघडण्याआधी शोधावं लागेल.